एकच कव्हर स्ट्रीमिंगला आणि एलपीला?

स्ट्रीमिंगसाठी केलेलं ३००० पिक्सेलचं अल्बम कव्हर एलपीवरही (विनाइल तबकडीच्या पाकिटावरही) चालेल, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. पाकीट साधारण ३१.५ सेंमीचं. ३०० डीपीआयला (छपाईत दर इंचाला ३०० ठिपके) ३७२० पिक्सेल झाले, शिवाय कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिमी. मूळ फाइल ४०००ची ठेवा, स्ट्रीमिंगसाठी त्यातूनच ३०००ची एसआरजीबी (पडद्यासाठीच्या रंगांची) जेपेग काढा.

ग्रेडियंटवर (एका रंगातून हळूहळू दुसऱ्यात जाणाऱ्या भागावर) पट्टे उमटतात कारण ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या मिळतात. १६ बिटमध्ये काम करा, शेवटी १-२ टक्के नॉइज (बारीक दाणे) घाला. जेपेग फार दाबली तर मात्र तो नॉइज पुसला जातो आणि पट्टे परत येतात.

निऑन हिरवा सीएमवायकेत (छपाईच्या नेहमीच्या चार शायांत) मळकट होतो. हवाच असेल तर स्पॉट रंग (आधीच मिसळलेली वेगळी शाई) घ्या. आणि कलाकाराचं नाव ६४ पिक्सेलवर (ॲपमधल्या छोट्या चित्राएवढं करून) वाचून बघाच, बारीक अक्षरं तिथे हमखास विरतात.