नुसतं डिलीट करून भागत नाही

कीबोर्डवर एखादा शब्द टाइप केला की त्याजागी आपण ठरवलेलं वाक्य आपोआप येतं, असा शॉर्टकट पुसला तरी परत उगवतो, ही तक्रार. त्यावर सुचवलेला 'सेटिंग्जमधून शॉर्टकट उडवा आणि रीस्टार्ट करा' हा उपाय एकच यंत्र असेल तर ठीक आहे. मी कधीतरी 'आजी'ला 'आज जरा उशीर होईल' असं जोडून ठेवलं होतं (दुर्बुद्धी, दुसरं काय). मग मावशीला 'आजी कशी आहे?' विचारायला गेलो की जायचं 'आज जरा उशीर होईल कशी आहे?' चार वेळा उडवलं, दर सोमवारी परत हजर! चोर निघाला मुलीचा जुना टॅब. तो फक्त रविवारी कार्टूनसाठी चालू होतो.

होतं असं, की 'ही नोंद पुसली' ही खूण सिंकमध्ये (म्हणजे एका खात्यावरच्या सगळ्या यंत्रांतल्या नोंदी सारख्या ठेवणाऱ्या सोयीत) नीट राहिली नाही, तर बरेच दिवस बंद असलेल्या यंत्रातली जुनी प्रत नवी समजून सगळीकडे वाटली जाते. म्हणून आधी सगळ्या यंत्रांवर सिंक बंद करा, प्रत्येकावरून नोंद काढा आणि मगच सिंक चालू करा. तरीही उगवली तर पुसू नका, बदला. बदललेल्या नोंदीवर ताजी वेळ असते, त्यामुळे सहसा तीच टिकते. माझ्याकडे आता 'आजी'चं 'आजी'च होतं.