'समजते' ऐवजी काय लिहावे? अध्ययन निष्पत्तीविषयी एक अडचण

प्रश्न
नमस्कार. इयत्ता पाचवीच्या गणिताचे एक पूरक पुस्तक मी लिहिते आहे. अपूर्णांकांच्या प्रकरणासाठी 'विद्यार्थ्याला अपूर्णांकाची संकल्पना समजते' अशी अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवे, ते सांगणारे विधान) मी दिली होती. संपादकांनी 'हे कशावरून ओळखायचे?' असा शेरा मारून ती परत पाठवली. शेरा रास्त आहे, परंतु 'समजते' काढल्यावर त्या जागी काय लिहावे ते सुचत नाही.

प्रतिसाद १
मूल नेमके कुठे अडखळते, तेथून सुरुवात करावी. १/८ हा १/४ पेक्षा मोठा आहे, असे पाचवीतली कितीतरी मुले ठामपणे सांगतात, कारण आठ चारांपेक्षा मोठे असतात. त्यांच्या हाती सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्या. एकीच्या दोन घड्या घालून चार भाग होतात, दुसरीला आणखी एक घडी घातली की आठ, आणि दोन्हींचा एकेक भाग शेजारी ठेवल्यावर मूल क्षणभर गप्प होते. निष्पत्ती त्या क्षणावर लिहावी : 'अंश समान असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता, हे विद्यार्थी घड्या घालून किंवा आकृती काढून ठरवतो आणि छेद वाढल्यावर भाग लहान का होतो, याचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगतो.' हे शिक्षकाला डोळ्यांनी पाहता येते, कानांनी ऐकता येते.

प्रतिसाद २
शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणात शिकण्याच्या उद्दिष्टांच्या चढत्या पातळ्या आहेत. त्याची २००१ मध्ये सुधारित मांडणी झाली, तेव्हा पातळ्यांची नावे क्रियापदांच्या रूपात आली. मात्र नुसत्या क्रियापदाने काम भागत नाही. 'व्याख्या सांगतो' हे स्मरण आहे, 'कारण सांगतो' हे आकलन आहे. 'सांगतो' दोन्हींकडे तेच.

प्रतिसाद ३
मी शिक्षक आहे. एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने) २०१७ मध्ये प्राथमिक स्तरासाठी इयत्तानिहाय निष्पत्ती दिल्या. त्या वर्षभराच्या असल्याने जशाच्या तशा प्रकरणावर चिकटवू नयेत, त्यांतला आपल्या प्रकरणापुरता भाग वेगळा काढावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वाध्याय निष्पत्तीशेजारी ठेवून वाचावा. निष्पत्तीत 'कारण सांगतो' आणि स्वाध्यायात फक्त 'रंगवा' असेल, तर वर्गात रंगवणेच होते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. माझा स्वाध्याय आताच काढून पाहिला. दहा प्रश्नांपैकी आठ 'रंगवा' आणि 'जोड्या लावा' असे आहेत, 'का?' असे विचारणारा एकही नाही. निष्पत्ती बाजूला ठेवून आधी स्वाध्यायच नव्याने लिहायला घेते.