मदत हवी आहे : सहा जि. प. शाळांचं सोलर, गुरुजींची बदली झाली की बघायचं कुणी?

नमस्कार मंडळी,

मी पन्हाळा तालुक्यात केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या काही शाळांची देखरेख माझ्याकडं असते. केंद्रातल्या सहा जिल्हा परिषद शाळांवर दोन वर्षांपूर्वी प्रत्येकी ३ किलोवॅटचं सोलर बसलं. चार ठिकाणी ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून पैसे दिले, दोन ठिकाणी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. (सगळेच विचारतात म्हणून आधीच सांगते, सूर्यघर योजनेतलं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान घरांसाठी आहे, शाळेला ते लागू नाही.) वीजजोडणीचा मंजूर भार १ किलोवॅट होता, तो वाढवून घेतला. दोन शाळांची बिलं केव्हाच निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या नावावर होती, ती बदलून घेतली. ते सगळं निभावलं. अडलंय ते त्याच्या पुढं.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात एका गावात वळीव झाला, विजा कडाडल्या. शाळेला सुट्टी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी भेटीला गेले, तर इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) तांबडा दिवा. शेजारची पेटी उघडली, एसी बाजूचा, म्हणजे इन्व्हर्टरकडून मीटरकडं जाणाऱ्या वायरीचा खटका खाली पडलेला. वर केला आणि थोड्या वेळात सगळं सुरू. बिघाड असा काहीच नव्हता. नोंद बघितली तर यंत्रणा ४१ दिवस बंद! दिवसाला १२ युनिट धरले तरी जवळजवळ ५०० युनिट गेले.

शाळेसाठी हेच दिवस सोन्याचे असतात हो. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक आणि वर्ग बंद, त्यामुळं तयार झालेली बहुतेक वीज महावितरणकडं जाते आणि बिलात जमा धरली जाते. पावसाळ्यात आमच्या डोंगरपट्ट्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा ती जमा कामाला येते. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. म्हणजे मे महिना हातचा गेला की पुढचा पावसाळा पैसे भरून काढायचा. या शाळेनं तो तसाच काढला.

कुणाला कळलं कसं नाही? सोलर चालू आहे की बंद हे दाखवणारं ॲप आधीच्या मुख्याध्यापकांच्या मोबाईल नंबरवर होतं आणि त्यांची बदली चंदगडला झालेली. सूचना त्यांना जात होत्या, त्यांना वाटलं नवे सर बघत असतील. नव्या सरांना असं काही ॲप आहे हेच माहीत नव्हतं. दोघेही चांगले शिक्षक आहेत, मी कुणाला बोल लावत नाही. कार्यभाराची यादी मी स्वतः वाचली. कपाटं, टीव्ही, गॅस शेगडी, वजनकाटा, सगळं होतं त्यात. सोलर नव्हतं.

दुसऱ्या शाळेला लागून गुऱ्हाळ आहे. हंगामात चिपाडाची काजळी पॅनेलवर बसते, बोट फिरवलं की बोट काळं होतं. प्राथमिक शाळेला शिपाई नाही, दोन्ही शिक्षिका. मुलांना गच्चीवर मी चढू देणार नाही. मग धुवायचं कुणी?

ठेकेदाराची देखभाल पाच वर्षांची आहे, पण फोन केल्याशिवाय कुणी फिरकत नाही. ती संपल्यावर सहा शाळांचा मिळून एकच देखभाल करार करता येतो का? त्यावर सही शाळा व्यवस्थापन समितीची चालते की वरून मंजुरी लागते? आणि ॲपचं कायमचं काय करायचं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

भोगावतीकाठ : मॅडम, मी राधानगरी भागात सोलरची कामं करतो. पहिलं म्हणजे ॲप शाळेच्या ईमेलवर घ्या, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नको. नुसतं ॲपवर पण राहू नका, नेट मीटरवर आयात (महावितरणकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (त्यांना दिलेली) असे आकडे आळीपाळीनं दिसतात, दर सोमवारी वहीत लिहायला सांगा. निर्यात हलली नाही की समजायचं काहीतरी गडबड. खटका एकदा वर करायचा, परत पडला तर हात लावायचा नाही, वायरमनला बोलवा. आणि सगळ्या शिक्षकांना एक ठासून सांगा, मेन स्विच बंद केला तरी दिवसा पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच. धुणं सकाळी लवकर, काच तापायच्या आत. साधं पाणी आणि मऊ फडकं, घासणी नको. तुमच्या गुऱ्हाळवाल्या मालकांनाच विचारा की, हंगामात पंधरवड्याला एक गडी देतील. आमच्याकडं एकानं आनंदानं दिला.

शिरोळचा मास्तर : ताई, आमच्याकडं २०१९ च्या पुरात वर्गात पाणी शिरलं होतं, म्हणून सोलर बसवताना इन्व्हर्टर पहिल्यापासून पुराच्या खुणेच्या वर घेतला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत आहे. पॅनेल किती, इन्व्हर्टरचा अनुक्रमांक, नेट मीटरचा नंबर, वॉरंटीचे कागद, सगळं तिथं चढवा. एकदा रजिस्टरला आलं की ते मोजून दिल्या-घेतल्याशिवाय कार्यभार पूर्ण होत नाही. वर्गणीतून आलेली वस्तू रजिस्टरला चढवायची राहून जाते, आमचंही तेच झालं होतं. सुट्टीतली जबाबदारी आम्ही समितीच्या ठरावानं एका पालकाला दिली. त्यांचं घर शाळेसमोर आहे, रोज येता-जाता दिवा बघतात. हिरवा असला की झालं.

धागाकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. रजिस्टरचं खरंच सुचलं नव्हतं. काल दोन शाळांत जाऊन बघितलं, एकाही ठिकाणी नोंद नाही. या महिन्याच्या शिक्षण परिषदेत सहाही मुख्याध्यापकांना रजिस्टर घेऊन यायला सांगितलंय, तिथंच बसून नोंदी करून घेते. गुऱ्हाळाच्या मालकांचा नातू आमच्या तिसरीत आहे, त्यांना उद्याच भेटते.

एकत्रित देखभाल कराराचं मात्र राहिलंच. कुणी चार-पाच शाळा मिळून असा करार केला असेल तर त्याचा मसुदा आणि पैसे खर्चाच्या कोणत्या शीर्षातून दिले ते कळवाल का? संयुक्त शाळा अनुदान १०० विद्यार्थ्यांपर्यंत पट असलेल्या शाळेला जास्तीत जास्त २५ हजार, त्यातच खडू, रंगरंगोटी, दुरुस्ती आणि वीजबिलही. त्यातून काढायचं म्हटलं तर दुसरं काहीतरी थांबतं.