विषय: शनिवारची एमआयटी फेरी – पानातून काय गाळू? (गुरुवारपर्यंत कळवा)

नमस्कार मंडळी,
आईबाबांना घेऊन शनिवारी एमआयटी (अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) बघायला जायचंय, त्याचं माहितीपत्रक गुरुवारी छापायला जातंय. अक्षर मोठंच ठेवलंय (गणपतीतला घोळ आठवतोय ना?), त्यामुळे पाच ओळी जास्त होतायत. 'क्यूएसच्या यादीत २०१२ पासून दरवर्षी जगात पहिली' हा विद्यापीठांच्या क्रमवारीचा परिच्छेद ठेवू की केशव मल्हार भटांचा?
– माधवी

माधवी,
भटांना हात लावू नकोस. १८८२ साली पुण्याहून येऊन एमआयटीत नाव घातलेला पहिला भारतीय विद्यार्थी! दोनच वर्षांनी पुण्याच्या 'मराठा' वृत्तपत्राने या संस्थेवर लिहिलं, असं शिक्षण आपल्याकडे हवं म्हणून. तेव्हा कुठली आली क्रमवारी? भट आले तेव्हा एमआयटीचे वर्ग सुरू होऊन जेमतेम सतरा वर्षं झाली होती.
आणि मागच्या वेळचंच परत सांगतो, एमआयटीच्या घुमटासमोर उभं राहून 'भट इथे शिकले' म्हणू नका. संस्था बोस्टनशेजारच्या या केंब्रिजला आली १९१६ मध्ये. भट शिकले नदीपलीकडे, बोस्टनला.
– श्रीरंग

श्रीरंग,
एमआयटीची सनद १८६१ची. आमचं पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४चं! एवढं एक वाक्य तरी घाला.
– प्रभाकरकाका

काका,
साल बरोबर आहे. पण पुण्याची सुरुवात झाली ती सरकारी बांधकामांवर हाताखालची माणसं हवी होती म्हणून. इथे एमआयटीचे संस्थापक रॉजर्स यांचा आग्रह होता की विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने करून शिकावं. 'मन आणि हात' हे ब्रीद त्यातूनच आलं. घरापाशी कॉलेज असताना भट समुद्र ओलांडून आले, हे आईबाबांना सांगायलाच हवं.
– श्रीरंग

पायऱ्यांचं काय ठरलं? ७७ मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूच्या मुख्य दारातच पायऱ्या आहेत, आत गेलं की तो अडीचशे मीटरचा बोळ. आईला दोन्ही झेपणार नाही. केंडल मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे, तिथे जमू या.
– संजीवनी

माधवी,
मसुद्यात 'पवईची आयआयटी एमआयटीच्या मदतीने उभी राहिली' असं आहे, ते चूक आहे. पवईला मदत सोव्हिएत रशियाची, युनेस्कोमार्फत. अमेरिकेतल्या नऊ संस्थांनी १९६२ ते ७२ मदत केली ती कानपूरला, त्यात एमआयटी होती. माझे सासरे पवईच्या सुरुवातीच्या तुकड्यांमधले. यंत्रांवरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून त्यांनी रशियन अक्षरं गिरवली होती, ती वही अजून आहे. शनिवारी ते येतायत, त्यांच्या हातात हे पान देऊ नका.
– नीलिमा

नीलिमाताई, वाचवलंत! पवईच्या दोन ओळी गेल्या, कानपूर अर्ध्या ओळीत बसतं. क्यूएसचं एकच वाक्य ठेवते, घुमटाचा फोटो लहान करते, म्हणजे भट पूर्ण राहतात. काका, १८५४ भटांच्याच वाक्यात घातलंय. जमायचं केंडलला, लिफ्टपाशी, दहा वाजता. नीलिमाताई, सासऱ्यांना ती वही आणायला सांगाल का?
– माधवी