जुना पॉडकास्ट पुन्हा सुरू करतोय, पण जुन्या फीडचं लॉगिन हाती नाही

मंडळी, मदत हवी आहे. जळगावातून आम्ही दोघं मराठी-अहिराणीत टेक पॉडकास्ट करायचो. यूपीआयची फसवणूक, सेकंडहँड फोन घेताना काय बघायचं, रावेरकडच्या केळीबागांतलं ड्रिप ऑटोमेशन असले विषय. मध्ये मोठा खंड पडला. आता नवे भाग तयार आहेत, घोडं अडलंय फीडपाशी, म्हणजे पॉडकास्ट ॲप्स भागांची यादी जिथून उचलतात त्या फाइलीपाशी.

जुन्या होस्टिंगचं खातं कॉलेजच्या ईमेलवर होतं, तो पत्ता आता बंद आहे. फीड चालू आहे, जुने भाग वाजतात, पण आत शिरता येत नाही. होस्टिंगवाल्यांना लिहिलं तर उत्तर आलं, 'नोंदणीकृत ईमेलवरूनच संपर्क करा.' घ्या! म्हणजे ३०१ रीडायरेक्टची (जुन्या फीडच्या पत्त्यावरून ॲप्सना आपोआप नव्या पत्त्यावर पाठवण्याची) वाट बंद.

ॲपल पॉडकास्ट्सचं खातं हाताशी आहे, तिथे फीडचा पत्ता बदलता येतो. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्येच बंद झालं, तो प्रश्न मिटला. स्पॉटिफाय मात्र पडताळणीचा कोड फीडमधल्या ईमेलवरच पाठवतं. सगळ्या ऑडिओ फाइली आणि जुन्या फीडची एक्सएमएल प्रत आहे, म्हणून नवीन ठिकाणी जीयूआयडी (प्रत्येक भागाची फीडमधली ओळखखूण) जुनेच ठेवणार; नाहीतर ऐकणाऱ्यांच्या फोनवर तेच भाग दुसऱ्यांदा उतरतील.

'नवा शोच काढा' हा सल्ला कृपया नको, आमचे श्रोते पुन्हा शोधत बसणारे नाहीत.

तर फीडमधला ईमेल बंद असताना स्पॉटिफायवर शोची मालकी कोणी मिळवली आहे का, कशी? आणि अँटेनापॉडसारखं थेट फीड वाचणारं ॲप वापरणाऱ्यांना रीडायरेक्टशिवाय नव्या फीडवर कसं आणायचं?