मदत हवी आहे : विरोधी पक्षनेत्याची सभागृहातील कामगिरी कशी जोखावी?

नमस्कार. भाजपचे नेते गोपीनाथ मुंडे यांच्या विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपदाच्या काळावर (डिसेंबर १९९१ ते मार्च १९९५) एक दीर्घ लेख लिहायला घेतला आहे आणि मध्यावर येऊन अडकलो आहे. २००९ नंतरची त्यांची लोकसभेतील कारकीर्द आणि २०१४ मधले जेमतेम आठवडाभराचे केंद्रीय मंत्रिपद मी मुद्दाम बाहेर ठेवले आहे.

पूर्वपीठिका लिहून झाली. १९८० मध्ये रेणापूरमधून आमदार, १९८५ मध्ये पराभव, १९९० मध्ये पुन्हा विधानसभेत. त्या निवडणुकीत शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्याने विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशी यांच्याकडे गेले. पुढे छगन भुजबळ काही आमदारांसह बाहेर पडले, सेनेचे संख्याबळ घटले आणि पद मुंडे यांच्याकडे आले. म्हणजे ते मिळाले मित्रपक्षाच्या फुटीमुळे. गौरवलेखांत मात्र ही गोष्ट एका वाक्यात उरकलेली असते.

खरी अडचण पुढे आहे. मुंबईच्या दंगली, मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, सुधाकरराव नाईक यांच्या जागी मुख्यमंत्री म्हणून शरद पवार यांचे परतणे आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, हे सारे याच सव्वातीन वर्षांतले. माझ्याजवळच्या कात्रणांत मथळा बहुधा सभात्यागाचा असतो. सभात्यागापूर्वी कोणता प्रश्न विचारला होता आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले, हे मात्र शेवटच्या दोन ओळींत, तेही अर्धवट. मुंडे यांनी १९९४ मध्ये राज्यभर काढलेल्या संघर्षयात्रेविषयी भरपूर वाचायला मिळते. यात्रेतून सेना-भाजपची सत्ता आली, असे लिहून मोकळे होता येईल, पण मग सभागृहात ते काय करत होते, हा प्रश्न तसाच राहतो.

तेव्हा ज्यांनी विधानसभेच्या कार्यवृत्ताचे जुने खंड प्रत्यक्ष चाळले आहेत, त्यांना विचारायचे आहे की लक्षवेधी सूचना (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधून उत्तर मागणे), स्थगन प्रस्ताव (ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणे) आणि अंतिम आठवडा प्रस्ताव (अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात विरोधकांनी मांडलेला चर्चेचा प्रस्ताव) यांपैकी विरोधी पक्षनेत्याची स्वतःची छाप कशात अधिक दिसते? नुसती भाषणे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यापेक्षा सरकारकडून वदवून घेतलेली आश्वासने शोधून आश्वासन समितीच्या (मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली गेली का, हे तपासणाऱ्या समितीच्या) अहवालांशी ताडून पाहावीत, असा विचार आहे. पण एका सदस्याने मुद्दा काढायचा, दुसऱ्याने तो लावून धरायचा आणि आश्वासन तिसऱ्याच्या उपप्रश्नावर यायचे, असे झाले असल्यास श्रेय कोणाच्या नावावर मांडायचे?

शिवाय, खंड अधिवेशनांच्या क्रमाने वाचावेत की किल्लारीच्या पुनर्वसनासारखा एकच विषय धरून आरंभापासून शेवटपर्यंत जावे? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. हे काम केलेल्यांनी त्यातले खाचखळगे सांगितले, तर फार उपकार होतील.