'योजिंबो'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप:
आमच्या चित्रपट मंडळात जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'योजिंबो' (१९६१) दाखवतोय. पत्रकासाठी चार ओळी मराठीत हव्यात. मी 'अंगरक्षक' लिहिलं, तर मंडळातले एक काका कडाडले. म्हणे अंगरक्षक मंत्र्यांना असतात. हा तर अंग खाजवत फिरणारा फाटका तलवारबाज. गावातल्या दोन टोळ्यांना झुलवतो आणि दोघींचाही निकाल लावतो. मग म्हणायचं काय? 'रोनिन'लाही (धनी गमावलेला सामुराई) शब्द सुचवा. शुक्रवारी पत्रक छापायला जातंय.

खडीसाखर:
भाडोत्री गुंड. विषय संपला.

वाकडी वाट:
कसा संपला? 'योजिन' म्हणजे सावधगिरी, 'बो' म्हणजे काठी. चोराचिलटासाठी हाताशी ठेवलेली काठी, किंवा दार आतून पक्कं करायला लावतात तो दांडा. माणसाला हा शब्द नंतर चिकटला. म्हणजे आपला अडसर! काय झकास नाव आहे सिनेमाला.

तळटीप:
'अडसर' वाचून लोकांना रस्तारुंदीकरण आठवेल हो.

वाकडी वाट:
आठवू दे. नायक झालेला मिफुने त्या गावात दुसरं काय करतो? सेइबेई आणि उशितोरा हे टोळ्यांचे म्होरके, दोघांच्याही धंद्यात अडसरच आहे तो. शब्दाचे दोन्ही अर्थ एका दमात वसूल.

खडीसाखर:
पोस्टरवर 'अडसर' वाचून एक माणूस फिरकणार नाही. 'बाउन्सर' लिहा. गणपती मंडळापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळ्यांना कळतो.

जुना बाजार:
बाउन्सर! मराठीत पहारेकरी, रखवालदार, जागल्या, येसकर एवढे शब्द असताना? आपण वापरायचे नाहीत आणि मग भाषा मरते म्हणून गळे काढायचे.

खडीसाखर:
जागल्या गावाचा. त्याला गावाकडून बलुतं मिळायचं. हा आगंतुक, पैसे मोजून आणलेला. शब्द जुना आहे म्हणून बसतोच असं नाही, साहेब.

मांडवीकाठ:
'राखणदार' मात्र कृपा करून सुचवू नका. आमच्या गोव्यात राखणदार म्हणजे गावसीमेवरचा देव, त्याला नारळ-रोट देतात. मिफुनेला रोट दिला तर तो साकेही (जपानी दारू) मागेल.

वाकडी वाट:
:) नावही तो तसंच ठोकून देतो की. विचारल्यावर खिडकीबाहेर बघतो, समोर तुतीचं शेत, म्हणून 'कुवाबाताके सांजुरो'. तुतीमळे तीसकर म्हणा. वर सांगतो, चाळिशीकडे झुकलोय.

पाटीपेन्सिल:
रोनिनचं काय झालं? 'शिलेदार' चालेल का?

जुना बाजार:
मुळीच नाही. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं, पण चाकरी पक्की. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. रोनिनचा धनीच गेलेला असतो. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईनंतर हरलेल्या सरदारांची माणसं अशीच उघड्यावर पडली. तुमचा सिनेमा तर १८६० च्या सुमाराचा, समोरचा पोरगा पिस्तूल घेऊन फिरतोय. तलवारीलाच गिऱ्हाईक उरलेलं नाही. 'सामुराई'च्या मुळाशी 'सेवेत हजर असणं' हा अर्थ आहे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द 'पाईक', शिपाईही आणि सेवकही. तुकोबांचे पाइकाचे अभंग काढून वाचा. तेव्हा रोनिन म्हणजे 'बिनधन्याचा पाईक'.

पाटीपेन्सिल:
जपानमध्ये आता प्रवेशपरीक्षेत नापास होऊन पुन्हा तयारी करणाऱ्या पोरांनाही रोनिन म्हणतात. आमच्या लातूरला त्यांना रिपीटर म्हणतात. दोन वर्षं मीही बिनधन्याचा पाईक होतो तर!

तळटीप:
पत्रकात 'बिनधन्याचा पाईक' आणि 'अडसर' टाकू का मग?

पिंपळपान:
टाकायचंच तर 'आगळ' टाका. संस्कृत अर्गला, त्यावरून आगळ. दुर्गासप्तशतीबरोबरचं अर्गलास्तोत्र तेच. 'अनर्गल' बडबड म्हणजे आगळ नसलेली. 'आगळावेगळा'सुद्धा यातलाच: आगळ घालून इतरांपासून वेगळा केलेला.

वाकडी वाट:
शेवटचं वाक्य अनर्गल आहे. आगळा म्हणजे अधिक, वरचढ. दाराशी त्याचा काय संबंध?

पिंपळपान:
पुरावा द्या.

वाकडी वाट:
दावा तुमचा, पुरावा मी का देऊ?

जुना बाजार:
आणि आगळ वेगळी, अडसर वेगळा. आमच्या वाड्यात आगळ भिंतीत सरकायची. अडसर दाराला मागून तिरका टेकवायचा.

मांडवीकाठ:
आमच्याकडे बरोब्बर उलट.

खडीसाखर:
'अडणा' कुठे गेला? आमची आजी दोन्हीला अडणाच म्हणायची.

तळटीप:
मंडळी, शुक्रवार...

पाटीपेन्सिल:
एक शंका. आगळ भिंतीतल्या ज्या भोकात सरकते त्याला काही खास शब्द आहे का? 'खोबण' फारच सामान्य वाटतो.